सिंहलद्वीपाचे तलाव

भारताच्या नकाशावर दृष्टी टाकली, की दक्षिण टोकापाशी, किंचित पूर्वेस, थेंबाच्या आकाराचे एक बेट दिसते. ते श्रीलंका होय. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ह्या बेटाचा उल्लेख ताम्रपर्णी ह्या अर्थाच्या नावाने आला आहे. ग्रीक लोक त्यास ताप्रोबेन म्हणत. आपल्या जुन्या ग्रंथांत ते सिंहलद्वीप म्हणून प्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या अमदानीत त्याचे नाव सिलोन असे पडले. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी हा देश स्वतंत्र झाला आणि १९७२ साली त्याने श्रीलंका हे नाव धारण केले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारणपणे पाचव्या हिश्श्याइतके आहे.

एवढ्या लहान देशाच्या प्राचीन इतिहासात सातारा-सांगलीकडील मुलामुलींनी जाणून घ्यावे असे काय आहे? त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. ह्या बेटावरील लोकांनी पावसाचे पाणी साठवून कोरड्या भूमीत भातशेती फुलविली. आणि आपल्या देशात घडलेल्या गोष्टी त्यांनी लिहून ठेवल्या. पाणी आणि लेख ह्या दोन ठेवींवर त्यांचे राज्य दीड हजार वर्षे नांदले.

प्रथम तेथील भूमी कशी आहे ते पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर आहे. तेथे दरवर्षी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस सुमारे सव्वाशे किलोमीटर गेले, की माण तालुक्यातील म्हसवड लागते. तेथे जेमतेम वीस इंच पाऊस पडतो. सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत ह्या तालुक्यांचीही तीच अवस्था आहे. एकाच जिल्ह्यात एकीकडे धुवाधार पाऊस आणि दुसरीकडे आभाळाकडे लागलेले डोळे! सिंहलद्वीपाची रचनाही काहीशी अशीच आहे. बेटाच्या मध्यभागी, दक्षिणेकडे, उंच डोंगर आहेत. त्यांच्या नैर्ऋत्येचा प्रदेश ओला व हिरवागार, तर उत्तरेचा आणि पूर्वेचा प्रदेश सपाट व कोरडा आहे. ह्या कोरड्या भागात माणदेशापेक्षा पाऊस अधिक पडतो हे खरे. परंतु त्याचा मोठा हिस्सा ऑक्टोबर ते जानेवारी एवढ्या काळातच पडून जातो. मग उरलेल्या वर्षात ऊन तापते, ओढे आटतात आणि जमिनीला भेगा पडतात. आश्चर्य असे, की सिंहली लोकांनी आपली प्राचीन राजधानी ओल्या प्रदेशात न बांधता ह्या कोरड्या प्रदेशातच बांधली.

ह्या बेटावर मनुष्याची वस्ती फार प्राचीन आहे. तेथील गुहांमध्ये पस्तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांचे अवशेष आणि गारगोटीची बारीक हत्यारे सापडली आहेत. ती माणसे शिकार करून व कंदमुळे गोळा करून राहत. वेद्दा नावाचे आदिवासी हे त्या आदिम रहिवाशांचे वंशज होत, असे मानले जाते. पुढे उत्तर भारतातून विजय नावाचा राजपुत्र सातशे सोबत्यांसह नौकेतून ह्या बेटावर उतरला आणि त्याने राज्य स्थापन केले, अशी कथा सिंहली लोक सांगतात. ही कथा झाली. परंतु इसवी सनापूर्वीच्या काळात भारतातून लोक तेथे गेले आणि त्यांनी आपली भाषा, लिपी व शेतीची विद्या बरोबर नेली, ही गोष्ट मात्र खरी आहे. अनुराधपूर हे त्यांचे मुख्य नगर झाले.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अनुराधपुरास देवानांपिय तिस्स नावाचा राजा राज्य करीत होता. ज्येष्ठी पौर्णिमेच्या दिवशी तो मिहिंतले येथील डोंगरावर शिकारीस गेला असता त्याची एका भिक्षूशी गाठ पडली. तो भिक्षू म्हणजे सम्राट अशोकाचा पुत्र महेंद्र. राजाची बुद्धी कितपत चालते हे पाहण्यासाठी महेंद्राने समोरच्या झाडाकडे बोट दाखवून ते कोणते, असे विचारले. राजाने ते आंब्याचे असल्याचे सांगितले. ह्याखेरीज आणखी आंबे आहेत काय, असे विचारता पुष्कळ आहेत, असे उत्तर आले. आंब्यावाचून दुसरी झाडे आहेत काय, ह्या प्रश्नासही तेच उत्तर मिळाले. मग महेंद्राने विचारले, की हे इतर आंबे आणि आंब्यावाचूनची ती झाडे सोडली तर आणखी एखादे झाड उरते काय? राजाने क्षणभर विचार केला आणि समोरचे हेच आंब्याचे झाड उरते, असे सांगितले. महेंद्र संतुष्ट झाला आणि त्याने राजास बुद्धाचा उपदेश केला. पुढे महेंद्राची बहीण संघमित्रा हिने बोधिवृक्षाची एक फांदी तेथे नेली. अनुराधपुरास लावलेला तो वृक्ष बावीसशेहून अधिक वर्षे जपला गेला असून तो आजही उभा आहे.

ही हकीगत 'महावंस' नावाच्या पाली भाषेतील बखरीत दिली आहे. त्याच ठिकाणी एक उल्लेख असा आहे, की जेव्हा महेंद्रास सिंहलद्वीपाकडे धाडण्यात आले, तेव्हाच महाधर्मरक्षित नावाच्या भिक्षूस 'महारट्ठ' देशात धाडण्यात आले. महारट्ठ म्हणजे आपला महाराष्ट्र. बेटाच्या बखरीत आपल्या प्रांताचे नाव असे जतन होऊन राहिले. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात पन्नासांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. मध्य भारतातील भारहुत येथील प्राचीन स्तूपावर 'करहकट' नगराने दिलेल्या दानाचा लेख असून, ते नगर म्हणजे आपले कराड, असे विद्वानांनी ठरविले आहे. एकाच विचाराचे वारे त्या काळी कृष्णाकाठी आणि समुद्रापलीकडील त्या बेटावर वाहत होते.

आता त्या लोकांनी पाणी कसे साठविले ते पाहू. सिंहली भाषेत तलावास 'वेव' म्हणतात. प्रत्येक गावास निदान एक वेव असे. ओढ्याच्या उतारावर मातीचा आडवा भराव घालीत. लाटांच्या माऱ्याने माती वाहून जाऊ नये म्हणून भरावाच्या आतील अंगास दगड रचीत. जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी एका बाजूस सांडवा ठेवीत. एका ओढ्यावर असे अनेक तलाव एकाखाली एक बांधलेले असत. वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला, की ते पाणी खालच्या तलावात येई. वरच्या शेतातून निथळलेले पाणीही खालच्या तलावासच मिळे. एकच पाणी अशा रीतीने अनेक वेळा उपयोगी पडे. गाळ अडविण्यासाठी मोठ्या तलावाच्या वरच्या अंगास एक लहान तळे राखीत. काठावर दाट झाडे वाढू देत. त्यामुळे वारा अडे आणि उन्हात पाण्याची वाफ कमी होई.

पाणी वाटण्याचीही त्यांची एक रीत होती. तीस 'बेत्म' म्हणतात. ज्या वर्षी तलाव अर्धाच भरे, त्या वर्षी सर्व शेते भिजविणे शक्य नसे. अशा वेळी तलावालगतची जितकी जमीन त्या पाण्यावर पिकेल तितकीच त्या हंगामापुरती सर्व शेतकऱ्यांत वाटून घेत. जमीन एरवी कोणाच्या मालकीची आहे, हे त्या वर्षी पाहत नसत. टंचाईत एकाचे पीक उभे राहावे आणि दुसऱ्याचे करपून जावे, हे गावास मान्य नव्हते.

गावाच्या तलावांप्रमाणेच राजांनी बांधलेले प्रचंड तलावही होते. देवानांपिय तिस्साच्या नावाचा तिस्सवेव अनुराधपुरात आजही आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या महासेन राजाने मिन्नेरियाचा मोठा तलाव बांधला. लोकांना त्याचे उपकार इतके वाटले, की पुढे त्यांनी त्यास देव मानून त्याची पूजा मांडली.

मोठ्या तलावांत एक अडचण असते. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब अधिक. भरावाच्या तळाशी साधी मोरी ठेवली, तर पाणी इतक्या वेगाने बाहेर पडेल, की मोरी फुटून भरावच वाहून जाईल. सिंहली कारागिरांनी ह्यावर युक्ती काढली. मोरीच्या वाटेवर, भरावाच्या आतील अंगास, ते दगड-विटांची चौकोनी विहीर बांधीत. तलावाचे पाणी प्रथम ह्या विहिरीत येई. तेथे त्याचा जोर मोडे. दारांनी ते हवे तितके कमीजास्त करता येई. आणि मग ते भरावाखालच्या मोरीतून शांतपणे कालव्यात उतरे. ह्या विहिरीस 'बिसोकोटुव' असे नाव आहे. हेन्री पार्कर नावाच्या इंग्रज इंजिनिअराने एकोणिसाव्या शतकात हे तलाव स्वतः हिंडून पाहिले आणि १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या प्राचीन कारागिरांची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

पाचव्या शतकात धातुसेन नावाच्या राजाने कलावेव हा विशाल तलाव बांधला. त्याचा भराव सहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. ह्या तलावातून अनुराधपुरापर्यंत सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा एक कालवा काढण्यात आला. त्याच्या पहिल्या सत्तावीस किलोमीटरांत जमिनीचा उतार दर किलोमीटरास अवघा दहा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या वितीइतका आहे. आजच्यासारखी मोजणीची यंत्रे नसताना इतका सूक्ष्म उतार त्यांनी साधला! उतार थोडा अधिक झाला असता, तर पाण्याने काठ कापले असते. थोडा कमी झाला असता, तर पाणी पुढे सरकलेच नसते. ह्या कालव्यास बांध एकाच अंगास आहे. दुसऱ्या अंगास जमिनीचा नैसर्गिक चढच काठाचे काम करतो, आणि वरून वाहून येणारे पावसाचे पाणी वाटेत कालव्यास मिळत जाते.

ह्या धातुसेनाचा शेवट मात्र दुःखद झाला. त्याचा पुत्र कश्यप ह्याने सेनापतीच्या चिथावणीने बंड केले आणि पित्यास बंदीत टाकले. राजाने अपार धन कोठेतरी दडवून ठेवले आहे, असे सेनापतीने कश्यपाच्या मनात भरविले होते. धन कोठे आहे ते सांग, असा निरोप वारंवार येऊ लागला. तेव्हा वृद्ध राजाने आपणांस कलावेव तलावाकडे न्यावे, तेथे आपण ते दाखवू, असे कळविले. त्यास तेथे नेण्यात आले. त्याने तलावात उतरून स्नान केले, पाणी प्याला, आणि मग ओंजळ भरून ती सेवकांस दाखविली. हीच काय ती आपली सारी संपत्ती, असे त्याने त्यांस सांगितले. कश्यपास तो बोल उमगला नाही. संतापाच्या भरात धातुसेनास भिंतीत चिणून ठार मारण्यात आले.

कश्यपाने नंतर अनुराधपूर सोडले आणि सिगिरिया येथील उंच कातळावर तटबंदीचा राजवाडा उभारला. तेथील भित्तिचित्रे पाहण्यास आज जगभरचे लोक जातात. परंतु कश्यपास तेथे सुख लाभले नाही. त्याचा भाऊ मोग्गल्लान भारतातून सैन्य घेऊन परतला आणि इसवी सन ४९५ च्या सुमारास झालेल्या लढाईत कश्यपाचा अंत झाला. त्याचा राजवाडा ओसाड पडला. धातुसेनाचा तलाव मात्र आजही शेते भिजवितो.

दहाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतातील चोळ राजांनी अनुराधपूर जिंकले. पुढे राजधानी पोलोन्नरुव येथे गेली. तेथे इसवी सन ११५३ ते ११८६ ह्या काळात पराक्रमबाहू नावाचा मोठा राजा होऊन गेला. मनुष्याच्या उपयोगी पडल्यावाचून पावसाचा थेंबही समुद्रास मिळू द्यावयाचा नाही, असा त्याचा निर्धार होता. त्याने शेकडो जुने तलाव दुरुस्त केले आणि पोलोन्नरुवास तेरा किलोमीटरांहून अधिक लांब भरावाचा तलाव घडविला. तो इतका विस्तीर्ण आहे, की लोक त्यास 'पराक्रमसमुद्र' म्हणतात.

त्यानंतर उतरती कळा लागली. १२१५ साली कलिंगाच्या माघ नावाच्या राजाने स्वारी करून देश उद्ध्वस्त केला. लढायांमुळे तलावांची निगा राखणारे उरले नाहीत. भराव फुटले, कालवे बुजले, साचलेल्या डबक्यांत डास वाढले आणि हिवतापाने लोक हैराण झाले. हळूहळू लोक नैर्ऋत्येच्या ओल्या प्रदेशाकडे निघून गेले आणि तलावांवर रान माजले. तलाव बांधण्यास एका राजाची इच्छा पुरते. पण तो टिकविण्यास दरवर्षी गाळ काढणारे आणि भराव दुरुस्त करणारे हात लागतात. ते हात नाहीसे होताच राजधानीही नाहीशी झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ह्या तलावांची पुन्हा दुरुस्ती सुरू झाली आणि आज हजारो जुने तलाव तेथील शेतीस पाणी देत आहेत.

आता ह्या लोकांच्या दुसऱ्या ठेवीकडे वळू. सिंहली भिक्षूंनी चौथ्या शतकाच्या सुमारास 'दीपवंस' आणि पुढे धातुसेनाच्या काळाच्या आसपास 'महावंस' ही बखर रचली. पुढील भिक्षूंनी ती शतकानुशतके चालू ठेवली. तीत चमत्कारांच्या कथा आहेत, राजांची स्तुतीही आहे. तरीही शत्रूच्या गुणांविषयी ती मौन पाळीत नाही. दक्षिणेकडून आलेल्या एळार नावाच्या चोळ राजाने चव्वेचाळीस वर्षे राज्य केले. त्याची न्यायबुद्धी बखरीने वाखाणली आहे. सिंहली राजा दुट्ठगामणी ह्याने त्यास द्वंद्वात मारले. आणि नंतर त्याच्या समाधीपुढून जाताना कोणीही वाद्ये वाजवू नयेत, अशी आज्ञा दिली. ह्या उदार वर्तनाची नोंदही बखरीतच आहे.

ह्या बखरींचे आपल्यावरही मोठे ऋण आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अशोकाचे शिलालेख कोणासही वाचता येत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप ह्या विद्वानाने त्यांची ब्राह्मी लिपी उलगडली. लेखांत 'देवानंपिय पियदसि' ह्या राजाचे नाव पुनःपुन्हा येत होते. पण हा राजा कोण? सिंहलद्वीपात देवानांपिय तिस्स होऊन गेला होता. तोच हा असावा, असे प्रिन्सेपला प्रथम वाटले. इतक्यात सिलोनात नोकरीस असलेल्या जॉर्ज टर्नर ह्या पाली जाणणाऱ्या गृहस्थास दीपवंसात एक उल्लेख आढळला. त्यात चंद्रगुप्ताचा नातू अशोक ह्यालाच पियदस्सी म्हटले होते. कोडे सुटले! पुढे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना आपल्या सोपाऱ्यास अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला, तेव्हा तो कोणाचा हे कोणी विचारण्याचे कारण उरले नव्हते. भारतातील थोर सम्राटाची ओळख भारतास पटविली ती समुद्रापलीकडील एका लहान बेटाने जपलेल्या पोथीने.

आपल्याकडेही पूर्वजांनी पाण्याची कदर केली आहे. सातारजवळील लिंब गावची बारा मोटांची विहीर अठराव्या शतकातील आहे. माण नदीवरील राजेवाडीचा आणि खटाव तालुक्यातील मायणी व नेर येथील तलाव इंग्रजी अमदानीतील आहेत. १९८० नंतरच्या दशकात सांगली जिल्ह्यातील बलवडी व तांदुळवाडी ह्या गावांच्या लोकांनी येरळा नदीवर स्वतः पुढाकार घेऊन बळीराजा धरण उभारले आणि त्याचे पाणी भूमिहीनांसह सर्व कुटुंबांस मिळावे, असे ठरविले. बेत्माची रीत ज्यांनी कधी ऐकलीही नसेल, अशा लोकांना तोच न्याय सुचला.

आपल्या गावचा तलाव, विहीर किंवा बांध कोणी बांधला, केव्हा बांधला, त्याचा गाळ शेवटी कधी निघाला, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? ठाऊक नसेल, तर गावातील वडीलधाऱ्या मंडळींस विचारा आणि ते वहीत टिपून ठेवा. पाणी जपणे आणि त्याची हकीगत जपणे ही दोन्ही कामे सिंहलद्वीपाच्या लोकांनी केली. म्हणून धातुसेनाची ओंजळ पंधराशे वर्षांनंतरही रिती झालेली नाही.

शब्दार्थ

अमदानी – राजवट. भराव – मातीचा बांध. सांडवा – तलावातील जास्तीचे पाणी वाहून जाण्याची वाट. मोरी – बांधाखालून पाणी बाहेर नेणारा मार्ग. निगा – काळजी, देखभाल. मुक्तकंठाने – मोकळ्या मनाने. चिथावणी – वाईट कामास दिलेले उत्तेजन.

स्वाध्याय

१. सातारा जिल्ह्यातील आणि सिंहलद्वीपातील पर्जन्यमानात कोणते साम्य व कोणता भेद आहे?
२. बिसोकोटुव बांधण्याची गरज का पडली? तिची रचना तुमच्या शब्दांत सांगा व आकृती काढा.
३. 'बेत्म' म्हणजे काय? ही रीत तुम्हांस न्याय्य वाटते काय? कारणे द्या.
४. धातुसेनाने पाण्याच्या ओंजळीस आपली संपत्ती का म्हटले असावे?
५. अशोकाची ओळख पटविण्यास दीपवंसाचा उपयोग कसा झाला?
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मुक्तकंठाने, उतरती कळा लागणे, कदर करणे, उमगणे.
७. उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या तलावाची किंवा विहिरीची माहिती मिळवून दहा-बारा ओळी लिहा.